गुरांकडं कोण बघणार?

आण्णांना काशीला न्यायचं आमच्या घरात तीस वर्षं ठरत होतं. दर वेळी ते एकच विचारायचे, "गुरांकडं कोण बघणार?" यंदा आई आणि मी दोघीच आलो. दशाश्वमेधावरची गर्दी आईला सोसेना, म्हणून शीतला घाट ओलांडून जरा दक्षिणेला सरकलो आणि पायऱ्यांवर बसलो. भिंतीवरचं नाव वाचून आई म्हणाली, "हा तर आपल्या अहिल्याबाईंचा."

आण्णा शहाऐंशी वर्षं जगले. चार एकर जमीन, पाच-सात गुरं, तीन मुलांची शिक्षणं, सगळं अंगमेहनतीवर. गावात त्यांची ओळख एका वाक्यात होती : कुणापुढं हात पसरला नाही. गेल्या पावसाळ्यात भल्या पहाटे ते गोठ्यात घसरून पडले आणि उजाडेपर्यंत तिथंच पडून राहिले. घरात माणसं होती, पंधरा पावलांवर. त्यांनी हाक मारली नाही. पुढं अकरा दिवसांनी गेले. भेटायला आलेले सगळे हेच सांगत होते की शेवटपर्यंत कुणाला त्रास दिला नाही. मला मात्र तेव्हापासून प्रश्न पडला आहे, की हा सद्गुण होता का? आम्हाला त्रास दिला नाही, की आम्हाला काही करू दिलं नाही?

त्याच सुमारास मी एका अमेरिकी रँचरच्या आठवणींचा अनुवाद करत होते. मराठीत त्या माणसाला शब्दच सापडत नाही. गवळी म्हणावं तर दूध आलं, धनगर म्हणावं तर भटकंती आली. हजार एकरांना कुंपण आणि आत एकटा घोडेस्वार, हे चित्र आपलं नाही. पानापानावर तो बजावतो की सगळं स्वतःच्या हिमतीवर उभं केलं. पण तिकडच्या अनेक वसाहतकारांच्या जमिनी 1862च्या होमस्टेड कायद्यानं सरकारकडून मिळालेल्या, प्रत्येकी 160 एकर. आणि त्या मूळच्या कुणाच्या होत्या हा आणखी वेगळा विषय. मी ‘स्वावलंबी’ असं लिहून पुढं जात होते. शब्दाच्या पोटात ‘अवलंब’ बसलेला आहे, हे इतकी वर्षं शब्दांत घालवूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आपल्याकडचा तसा माणूस शोधायचा, तर तो या घाटाच्या मागेच उभा आहे. मल्हारराव होळकर, जन्म 1693, नीरेकाठच्या होळ गावचे, धनगराचं पोर. मेंढरं राखणारा मुलगा माळव्याचा सुभेदार झाला आणि त्र्याहत्तर वर्षांचा होऊन 1766 साली गेला. आत्मनिर्भर म्हणायला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही. झोपलेल्या मल्हारीवर नागानं फणा धरल्याची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. सावलीला नाग तरी लागलाच, असं मला ती ऐकताना नेहमी वाटतं. वडील लहानपणीच गेले, तेव्हा आईनं त्यांना खानदेशात तळोद्याला आपल्या भावाकडं नेलं. मामा भोजराज बारगळांनी सांभाळलं, मेंढ्या दिल्या, मग घोडं दिलं आणि आपली मुलगी गौतमाही दिली.

धनगराला तर हे सांगावंही लागत नाही. स्वतःची जमीन नसते किंवा पुरत नाही, म्हणून तो दिवाळीनंतर कळप घेऊन निघतो. शेतकरी त्याच्याकडून रानात मेंढ्या बसवून घेतो आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य देतो. कोण कुणाच्या आधारानं जगतो ते सांगता यायचं नाही. हात पसरल्याची भावना दोघांनाही नसते.

मल्हाररावांच्या आयुष्यातला मला सगळ्यात मोठा वाटणारा क्षण कुठल्या लढाईतल्या विजयाचा नाही. 1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात त्यांचा एकुलता मुलगा खंडेराव तोफेच्या गोळ्यानं गेला. त्याच्या इतर बायका सती गेल्या. अठ्ठावीस वर्षांची अहिल्याही निघाली होती. सासऱ्यांनी तिला अडवलं. शास्त्राचा आधार घेऊन नव्हे. तू गेलीस तर या म्हाताऱ्यानं कुणाकडं बघायचं, असं म्हणून. चरित्रकार हा प्रसंग असाच सांगतात. साठी ओलांडलेला सुभेदार सुनेपुढं पदर पसरतो.

यात स्वार्थ नाही का? आहे. एका तरुण बाईनं आपलं आयुष्य म्हाताऱ्याच्या गरजेला बांधून घ्यावं, ही मागणी साधी नाही. पण दुःखात बुडालेल्या माणसाला ‘जीवन अनमोल आहे’ असं सांगून काय मिळतं? ‘तू मला लागतेस’ यानं निदान उभं राहायला जागा मिळते. आणि ते नुसतं बोलणं राहिलं नाही. पुढं मल्हारराव तिला पत्रांतून तोफखाना घेऊन ग्वाल्हेरीकडं जायला सांगतात, दारूगोळ्याची तजवीज करायला सांगतात. म्हातारा खरंच तिच्यावर विसंबला होता.

तरी या युक्तिवादाला मुदत असते. 1791 साली जावई गेला, तेव्हा अहिल्याबाईंनी मुक्ताबाईची, आपल्या मुलीची, अशीच विनवणी केली. जॉन माल्कमनं मुलीचं उत्तर नोंदवून ठेवलं आहे. त्याचा आशय असा, की तुझे थोडेच दिवस उरलेत, मुलगाही गेला, नवराही गेला. तू गेल्यावर मी काय करू? मुक्ताबाई थांबली नाही. आईची गरज खरी होती, पण पुरी पडली नाही.

आम्ही बसलो होतो त्या पायऱ्यांचा पैसाही हिशेबात धरायला हवा. होळकरांची सरकारी दौलत वेगळी, खासगी वेगळी. 1734 साली पेशव्यांनी गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर करून दिली. पुढं ती सुनेकडं आली आणि देशभरातल्या अहिल्याबाईंच्या बांधकामांना या खासगीचाच आधार होता. पराक्रमी पुरुषाच्या कथेत सासू-सुनांची ही वही कुणी उघडत नाही. आण्णांच्या कथेतही आईच्या शेणाच्या पाट्या कुणी मोजल्या नव्हत्या. मीसुद्धा नाही, वर ‘अंगमेहनत’ लिहिली ती एकट्या त्यांचीच.

हे सगळं मी आईला तिथंच सांगत बसले. मल्हाररावांनी मागितलं आणि आपल्या आण्णांना साधी हाक मारता आली नाही, असंही तोंडून गेलं. ती नदीकडं बघत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आवाज आला होता गं मला."

"कधी?"

"त्या पहाटं. मला वाटलं, गाईशी बोलतायत. रोजच बोलायचे."

मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि पाण्यात पाय बुडवायला खाली उतरू लागली. पायऱ्या ओल्या होत्या. मी तिच्या मागोमाग उतरले.