धूर कोणाचा?

आपले अंगण, आपला कचरा, आपली काडेपेटी. मग तो जाळला तर कोणाचे काय बिघडले? मुठा खोऱ्यातल्या प्रत्येक घराने हा प्रश्न एकदा स्वतःला विचारायला हवा.

मुळशीला आग नवी नाही. भाताच्या रोपांसाठी शेण आणि पालापाचोळा पसरून राब भाजायचा, परसातला केर पेटवायचा, हे आपले वाडवडीलही करीत आले. पण त्यांच्या केरात पाला, काटक्या, चिंध्या असत. आजच्या केरात दुधाच्या पिशव्या, थर्माकोलच्या ताटल्या, औषधांच्या पट्ट्या आणि वायरींचे तुकडे असतात. सवय तीच राहिली, जळणारी वस्तू बदलली. पावसाळ्यात सरपण ओले असले की चूल पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी खाली सरकवली जाते. तिचा धूर आधी जातो तो फुंकणी धरलेल्या आईच्या आणि शेजारी बसलेल्या लेकराच्या छातीत.

डायॉक्सिन नावाची विषारी द्रव्ये नष्ट करायला ८५० अंशांहून अधिक उष्णता लागते. अंगणातल्या धुमसत्या ढिगात ती उलट तयार होतात, विशेषतः वायरीचे आवरण किंवा पीव्हीसी पाइप जळताना. यांतले सर्वांत जहाल द्रव्य माणसाला कर्करोग करते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली जाहीर केले. ही द्रव्ये गवतावर बसतात, ते गवत गाय-म्हैस खाते आणि दुधाच्या स्निग्धांशातून ती आपल्याकडे परत येतात. शरीरात त्यांचे प्रमाण निम्मे व्हायला ७ ते ११ वर्षे लागतात. म्हणजे जाळलेली वस्तू संपत नाही, फक्त दिसेनाशी होते.

राखेचेही तेच. पावसात ती ओढ्यातून मुठेत उतरते, मुठा खडकवासल्याच्या धरणात जाते आणि ते पाणी पुणे शहर पिते. थंडीत पहाटेची गार हवा खोऱ्यात बसून राहते, त्यामुळे धूर वर चढत नाही. शेजारी दम्याचे आजोबा असतील, तान्हे बाळ असेल. त्यांना कोणी विचारलेले नसते. अंगणाला कुंपण घालता येते, हवेला नाही.

यावर कोणी म्हणेल, "आमच्या वाडीवर घंटागाडी येतच नाही, मग आम्ही काय करावे?" हे म्हणणे खोटे नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २२ डिसेंबर २०१६ रोजी देशभर उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी केली. साध्या प्रकरणात ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. पण दंडाच्या भीतीने वाडीवर गाडी येत नाही. ज्याला दुसरा मार्गच नाही, त्याला आणि मार्ग असूनही राखणदाराला "जाळून टाक" असे सांगणाऱ्या बंगलेवाल्याला आपण एकाच मापाने मोजू नये. तरीही अडचण हे कारण झाले, तो हक्क नव्हे. धूर गरिबाचा असो की श्रीमंताचा, लेकराच्या छातीला तो सारखाच.

मग जाळण्याऐवजी कचरा दूर कुठेतरी नेऊन टाकला म्हणजे सुटलो का? पुणे शहराने तेच केले. वर्षानुवर्षे त्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या वाट्याला आला. २०१७ च्या एप्रिलमध्ये तिथल्या डेपोला आग लागली, तेव्हा गावकऱ्यांनी शहराच्या गाड्या अडवल्या. दूर म्हणजे कोणाचे तरी दार, हे तेव्हा शहराला कळले.

म्हणून सुरुवात आपल्या दारातूनच करावी लागेल. ओला कचरा परसातल्या खड्ड्यात टाकावा. प्लॅस्टिक धुऊन, वाळवून पोत्यात साठवावे. भंगारवाला नेईल तेवढे त्याला द्यावे. चुलीसाठी गोवऱ्या आणि सुकी काटकी पावसाआधीच आडोशाला ठेवावी. उरलेल्या कचऱ्यासाठी महिन्यातून निदान दोनदा गाडी यावी, अशी मागणी ग्रामसभेत सर्वांनी मिळून करावी, कारण एकट्याचा अर्ज बाजूला पडतो. आणि आपल्या स्नेहभोजनानंतर मंडपामागे ताटल्यांचा ढीग पेटत नाही ना, हे आपणच पाहावे. शेजाऱ्यावरची प्रीती आपण ओठांनी बोलतो. ती आपल्या धुराने खोटी ठरू नये.