मृत मित्राशी एकनिष्ठा: कॅथी अ‍ॅकरच्या निमित्ताने

दिवंगत मित्राचे स्मरण करणारा माणूस नकळत त्याचे एक चरित्र रचत असतो. परंतु ज्या व्यक्तीने एकसंध ‘मी’ असणेच हयातभर नाकारले, तिच्या बाबतीत असे स्मरण निष्ठा ठरते की आगळीक, हा प्रश्न अमेरिकन लेखिका कॅथी अ‍ॅकर हिच्या संदर्भात फार टोकदार होतो. सत्तरच्या दशकातील पंक ही सफाईची, प्रशिक्षणाची आणि प्रतिष्ठितांच्या मान्यतेची पर्वा न करणारी बंडखोर संगीतशैली आणि जीवनशैली होती, आणि अ‍ॅकरने तीच वृत्ती गद्यात आणली. १९७३च्या आपल्या ‘ब्लॅक टॅरँटुला’ लेखनात तिने खुनी स्त्रियांच्या जुन्या चरित्रांतील मजकूर उचलून ‘ती’च्या जागी ‘मी’ घातला, तर पुढे डिकन्सच्या कादंबरीचे नावच उघडपणे आपल्या पुस्तकाला दिले. ही उचलेगिरी नव्हे. स्वत्व हे उसन्या शब्दांनीच घडते, हा तिचा गंभीर सिद्धान्त होता.

मृत मित्राशी निष्ठा कशी राखावी, हा प्रश्न मात्र जुनाच आहे. संत ऑगस्टीनने ‘कन्फेशन्स’च्या चौथ्या भागात तरुण मित्राच्या मृत्यूचा शोक वर्णिला आहे. मर्त्य माणसावर तो कधीच मरणार नाही अशा समजुतीने प्रेम करणे ही त्याला आपली चूक वाटते, आणि मित्रावर ईश्वराच्या ठायी प्रेम करावे, म्हणजे तो हरवत नाही, असा निष्कर्ष तो काढतो. हे सांत्वन थोर आहे, मात्र त्यात मित्राचे वेगळेपण विरून जाते. ऑगस्टीनने त्याचे नावही सांगितलेले नाही. मनोविश्लेषक फ्रॉइडने १९१७ साली ‘शोककार्य’ ही संकल्पना मांडली, म्हणजे गेलेल्या व्यक्तीत गुंतलेले मन हळूहळू सोडवून घेण्याची प्रक्रिया. यावर फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदा याचा आक्षेप असा, की शोक पूर्ण यशस्वी झाला तर मृत व्यक्ती आपल्यातच पचून जाते, म्हणून निष्ठेला थोडे अपयश आवश्यकच असते. अ‍ॅकरच्या बाबतीत देरिदाचे म्हणणे अधिक खरे आहे: तिचे जन्मवर्षही निरनिराळे दिले जाते, आणि अशा विसंगती सांधून टाकणारा स्मरणकर्ता तिला नव्याने गमावतो.

तथापि तिला केवळ एक कल्पना करून ठेवणे हाही अन्यायच होय, कारण ३० नोव्हेंबर १९९७ रोजी मेक्सिकोतील तिहुआना येथे स्तनाच्या कर्करोगाने मेली ती एक देहधारी स्त्री होती. शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी नाकारून तिने पर्यायी उपचार पत्करले होते, आणि त्या निर्णयामागे श्रद्धेइतकाच पैशांचा प्रश्न होता, हे तिने त्याच वर्षी एका लेखात स्पष्टपणे लिहिले. तिचा मित्र मतियास व्हीगनर याच्याकडे पुढे तिच्या साहित्याची व्यवस्था आली. पुस्तकांच्या समासांत तिने केलेल्या टिपांसह तिचा ग्रंथसंग्रह आज कोलोन विद्यापीठात आहे. शब्दांवरील मालकीच जिने अमान्य केली, तिच्या शब्दांचे हक्क सांभाळण्याचे आणि तिच्या नावाने परवानगी देण्याचे किंवा नाकारण्याचे काम या मित्राला कायद्याने करावे लागते.