कुजबुजणारा पाहुणा

काही माणसं दुसऱ्याच्या घरात शिरताना आपसूक आवाज खाली आणतात. निसर्गावरच्या मालिकांचे निवेदक डेव्हिड ॲटनबरो जंगलात असेच शिरतात.

१९७८ साली 'लाइफ ऑन अर्थ' या मालिकेच्या चित्रीकरणासाठी ते रवांडाच्या डोंगरांत गेले. अंगठा इतर बोटांसमोर येतो, म्हणून वस्तू पकडता येते, एवढं त्यांना गोरिलांच्या साक्षीनं समजावून सांगायचं होतं. पण समोर काही हातांवर गोरिलांचं कुटुंब बसलेलं. अशा वेळी अंगठ्यावर व्याख्यान काय द्यायचं! त्यांनी ठरलेलं बोलणं सोडलं आणि कुजबुजत सांगितलं, की गोरिलाशी नजर मिळते तेव्हा जी ओळख पटते, ती दुसऱ्या कुठल्याच प्राण्याशी पटत नाही. माणसानं हिंसेचं प्रतीक म्हणून या शांत प्राण्याला उगाच बदनाम केलं, हेही ते बोलले. पुढे गोरिलाची पिल्लं त्यांच्या अंगावर चढली, बुटांच्या नाड्यांशी खेळली. ते निपचित पडून राहिले, चेहऱ्यावर लहान मुलाचा आनंद.

माझ्या मते निवेदकाची थोरवी त्या गप्प पडून राहण्यात आहे. हल्ली सापाची शेपटी धरून कॅमेऱ्याकडे हसणारे खूप दिसतात. ते निसर्गप्रेम नव्हे.

ते चित्रीकरण झालं तेव्हा, रवांडाचे हे डोंगर ज्या विरुंगाच्या रांगेत येतात, तिथे जेमतेम अडीचशे गोरिला उरले होते. २०१८मध्ये जाहीर झालेल्या गणनेत तिथे ६०४ भरले.

आज एखादा जंगलाचा व्हिडिओ उघडाल, तेव्हा निवेदक प्राण्याची वाट पाहतोय की त्याला छेडतोय, एवढं जरूर पाहा.