मधला घाट

पावसाळ्यात खंडाळ्याच्या स्टेशनावर बसलं की गाडी दिसण्याआधी ऐकू येते. धुक्यातून आधी इंजिनाची घरघर, मग दिवा, मग डबे. बहुतेक गाड्या इथे न थांबता निघून जातात. मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या माणसाला वाटेत घाट होता हे बोगद्यांतल्या अंधारापुरतंच आठवत असेल.

एक काळ असा होता की आगगाडी घाटाच्या दोन्ही बाजूंना होती आणि घाटात नव्हती. खाली खोपोलीपर्यंत रूळ आले होते. वर खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. मधल्या बोरघाटात गाडी धावू लागली ती १८६३ मध्ये. मधली पाच वर्षं उतारू खाली उतरत. पालखीतून, तट्टावरून, बैलगाडीतून घाट चढत आणि खंडाळ्याला येऊन पुन्हा गाडीत बसत. दोन्हीकडे वाफेची इंजिनं होती, पण ती दोन टोकं जोडणारे खांदे माणसांचे आणि जनावरांचे होते.

पुस्तकांचा विचार करताना मला ते खांदे आठवतात. लेखक आणि वाचक या दोन टोकांविषयी आपण भरपूर बोलतो. साहित्य संमेलनं, पुरस्कार, परीक्षणं, वाचक घटल्याची काळजी, हे सगळं त्या टोकांवर चालतं. मधला घाट पुस्तक कुणाच्या खांद्यावरून चढतं, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

मी लिहू लागलो तेव्हा पुस्तकविक्रेता म्हणजे बिल फाडणारा माणूस, एवढीच माझी समजूत होती. ती मोडली पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका लहानशा दुकानात. माझं पहिलं पुस्तक येऊन सहा महिने झाले होते. परीक्षणं बरी आली होती, स्नेह्यांची पत्रं आली होती. दुकानाच्या वयस्कर मालकांना मी विचारलं, "पुस्तकाला उठाव कसा आहे?" त्यांनी आकडा सांगितला नाही. म्हणाले, "लोक उचलतात. मुखपृष्ठ बघतात, मागचा मजकूर वाचतात, पहिलं पान वाचतात. दुसऱ्या पानावर जातात आणि ठेवून देतात. सात-आठ जणांचं असं बघितलं मी. दुसऱ्या पानावर काय लिहिलंय, ते एकदा बघा."

घरी येऊन बघितलं. दुसऱ्या पानावर गोष्ट थांबवून मी वाचकाला काहीतरी समजावत बसलो होतो. एकाही परीक्षणात हे आलं नव्हतं, आणि येण्याजोगंही नव्हतं. परीक्षण लिहिणारा पुस्तक शेवटपर्यंत वाचतो, कारण ते त्याचं कामच असतं. मित्र वाचतात ते मायेपोटी. लेखकाला जे भेटतात ते वाचून झालेले लोक. ज्यानं पुस्तक हातात घेतलं, क्षणभर थबकला आणि परत ठेवलं, तो लेखकाला कधीच भेटत नाही. त्याला पाहणारा माणूस एकच, आणि तो गल्ल्यामागे उभा असतो.

विक्रेत्याचं हे ज्ञान कुठल्याही वहीत उतरत नाही. चलनावर विकलेल्या प्रती येतात, परतीच्या गठ्ठ्यात न विकलेल्या. थबकणं कशातच येत नाही. ते फक्त बोलण्यातून पुढे जातं, तेही लेखकानं विचारलं तर, आणि विक्रेत्याला सांगावंसं वाटलं तर. म्हणून पुस्तकांच्या दुकानातल्या गप्पांना मी लेखनाचाच एक भाग मानतो.

मराठीत हे नवीन नाही. गिरगावात पुस्तकं विकता विकता प्रकाशक झालेल्या केशवराव कोठावळे यांनी १९६४ मध्ये 'ललित' हे मासिक सुरू केलं. निव्वळ पुस्तकांविषयी बोलणारं मासिक एका पुस्तकविक्रेत्यानं काढावं, यात मला मोठा अर्थ दिसतो. दुकानात रोज जे बोलणं चाले, ते महाराष्ट्रभरच्या वाचकांच्या घरी पोचवण्याची ती सोय होती. जयवंत दळवी त्यात 'ठणठणपाळ' या नावानं लिहीत. पुढे कोठावळ्यांच्याच मॅजेस्टिकच्या 'मॅजेस्टिक गप्पा' सुरू झाल्या आणि लेखक-वाचक समोरासमोर बसू लागले. 'भाषण' किंवा 'परिसंवाद' न म्हणता 'गप्पा' म्हणावंसं वाटलं, हेही महत्त्वाचं. भाषणात एकजण सांगतो. गप्पांत सांगणाऱ्याला ऐकावंही लागतं.

त्याच गिरगावात, खटाववाडीत, मौज प्रकाशनाच्या कचेरीत आणखी एक संवाद चाले. श्री. पु. भागवत आणि त्यांचे सहकारी हस्तलिखितावर लेखकाशी पत्रांतून आणि भेटींतून बोलत राहत. एखादी कथा पुन्हा लिहून मागण्यात लेखकाचा अपमान आहे असं त्यांना वाटत नसे. त्यामागे त्याच्याकडून मोठी अपेक्षा असे. या संवादात काही वेळा मौनही मोलाचं ठरतं. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा केवढं वादळ उठलं होतं. विभावरी शिरूरकर या नावामागची स्त्री कोण, हे प्रकाशक ह. वि. मोटे यांना ठाऊक होतं. त्यांनी ते गुपित राखलं. लेखिकेला निर्भयपणे लिहिता यावं म्हणून प्रकाशकानं गप्प राहणं, हाही लेखक आणि ग्रंथव्यवहार यांच्यातला एक करारच होता, आणि तो निव्वळ विश्वासावर उभा होता.

इथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. लेखकानं दुकानदाराचं ऐकायचं ठरवलं, तर तो खपाऊ लिहू लागेल. ज्याला उठाव आहे तेच लिहायचं म्हटलं, तर नवं येणार कुठून?

मला वाटतं, इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. उठाव हा आकडा आहे. तो कालचं सांगतो. काय खपलं, किती खपलं, एवढंच त्यात असतं. थबकणं ही खूण आहे. वाचक उत्सुकतेनं इथवर आला होता आणि इथे त्याची वाट अडली, असं ती सांगते. आकड्याच्या मागे लागलेला लेखक दुसऱ्यांसारखा होत जातो. खूण समजून घेणारा लेखक स्वतःचंच म्हणणं अधिक नीट सांगू लागतो. माझ्या दुकानदारांनी मला विषय बदलायला सांगितला नव्हता. त्यांनी फक्त एक पान दाखवलं.

शिवाय चांगल्या ग्रंथव्यवहाराची नजर आकड्याच्या पलीकडे जाते, याचा आपल्याकडचा सर्वांत मोठा दाखला 'कोसला' आहे. भालचंद्र नेमाडे तेव्हा पंचविशीत होते. पुण्याच्या देशमुख आणि कंपनीच्या रा. ज. देशमुखांनी कादंबरी लिहिण्याचा आग्रह धरला. नेमाड्यांनी खानदेशातल्या आपल्या गावी, सांगवीला ती लिहिली आणि १९६३ मध्ये ती आली. तशी कादंबरी मराठीत आधी नव्हतीच. तिला उठाव असल्याचा पुरावा कुणाजवळ असणार? वाचकांनी काय उचललं आणि काय ठेवलं हे ज्यानं वर्षानुवर्षं पाहिलं, त्याला वाचक कशाची वाट बघतोय याचाही अंदाज येतो. ती वाट बघणं कुठल्याही हिशेबात दिसत नाही.

आता ही माणसं कमी होत चालली आहेत. टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड चित्रपटगृहात पुस्तकांचा छोटा स्टॉल मांडला, पुढे तो फोर्टात आला, मुंबईच्या कितीतरी पिढ्यांना त्यानं पुस्तकांची गोडी लावली. २०१८ मध्ये स्ट्रँड बुक स्टॉल बंद झाला. हजार प्रतींची आवृत्ती हे मराठीचं जुनं माप होतं. आता पाचशे, तीनशे प्रतींवर भागतं. घरबसल्या सवलतीत पुस्तक मिळतं तेव्हा दुकानात चाळून बाहेर जाऊन मागवणाऱ्या वाचकाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्याचेही पैसे कष्टाचेच असतात. पण त्या सवलतीत काय जातं, ते त्याला ठाऊक असायला हवं. कोणत्या पानावर वाचक थांबला हे आता यंत्रालाही कळतं. पण "का थांबलात?" असं ते विचारत नाही, आणि लेखकाला हाक मारून "दुसरं पान बघा" असंही सांगत नाही.

या गप्पांचं मी एवढं कौतुक करतो, तेव्हा एक सल मनात असते. या गप्पांना बोलावलं कुणाला जात होतं? लोकहितवादी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकारानं १८७८ मध्ये पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरली. १८८५ च्या सभेचं निमंत्रण महात्मा फुल्यांनी पत्र लिहून नाकारलं. शूद्र-अतिशूद्रांचं दुःख ज्यांच्या ग्रंथांत नाही, त्यांच्या सभेत आपण यायचं कशाला, असा त्या नकाराचा रोख होता. ते पत्र मी मराठी ग्रंथव्यवहाराच्या इतिहासातलं एक निर्णायक संभाषण मानतो, कारण ज्या संवादात अर्धा समाज बोलू शकत नाही तो संवाद नव्हे, हे त्यानं उघड केलं.

त्या पत्राचं उत्तर सभागृहांतून आलं नाही, ते रस्त्यावरून आलं. दरवर्षी ६ डिसेंबरला दादरला, चैत्यभूमीकडे जाणाऱ्या वाटेवर आणि शिवाजी पार्कात पुस्तकांचे स्टॉल लागतात. नागपूरला दीक्षाभूमीवर तसंच. दूरच्या गावांहून आलेली माणसं परत जाताना पुस्तकं घेऊन जातात. विक्रेताच कधी लेखक असतो, कधी प्रकाशकही तोच. ताडपत्रीवर मांडलेल्या पुस्तकांपुढे उकिडवं बसून एखादी बाई विचारते, "यात बाबासाहेबांच्या लहानपणाचं आहे का?" तो पान उघडून दाखवतो. मधला घाट अजूनही माणसांच्या खांद्यांवरून कसा चढला जातो, हे ज्याला पाहायचं असेल त्यानं तिथे जावं.

आणि खंडाळा? हमरस्त्यावर चिक्की आणि फज मिळतात, गरम भजी मिळतात, कणसं मिळतात. पुस्तकांनी मात्र इथे फार जपून राहावं लागतं. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारी ही जागा. मी उतरलो आहे त्या घरी कपाटात डांबरगोळ्या आणि वेखंडाचे तुकडे ठेवलेले आहेत, तरी आषाढात पानं मऊ पडतात आणि बांधणीला बुरशीचा वास येतो. त्या कपाटात गो. नी. दांडेकरांचं 'माचीवरला बुधा' आहे. त्यातली माची म्हणजे राजमाची. पाऊस उघडला की घाटाच्या कडेवरून तिचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले दिसतात. हे लिहिणारा माणूस मावळातच, तळेगाव दाभाड्यात राहत होता. लोणावळ्याहून राजमाचीला चालत जाणाऱ्या कितीतरी मुलामुलींना हे ठाऊकही नसेल. सांगणारं कुणी भेटलं असतं, तर त्यांच्या पाठीवरच्या पिशवीत एक पुस्तकही गेलं असतं. महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवरच्या भिलारला २०१७ मध्ये सरकारच्या पुढाकारानं पुस्तकांचं गाव उभं राहिलं. दरवेळी सरकारची वाट पाहायला हवी असं नाही. पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी दोन लेखक, दोन विक्रेते आणि थोडे वाचक एका ओसरीवर बसले तरी पुरेल. पहिला प्रश्न फक्त विक्रेत्यांना विचारावा: यंदा लोकांनी काय उचलून परत ठेवलं?

इथून समोर नागफणीचा कडा दिसतो. त्या अंगाला कुरवंडे गाव, आणि तिथेच इंद्रायणीचा उगम. हीच नदी पुढे देहूला जाते. तुकोबांच्या वह्या या नदीत बुडवल्या आणि त्या तरल्या, असं परंपरा सांगते. ज्यांनी ते अभंग ऐकले होते, पाठ केले होते, एकमेकांना म्हणून दाखवले होते, त्या लोकांच्या तोंडी ते होतेच. त्या वह्यांना खांदा देणारी माणसं आधीच तयार झाली होती. तुकोबा स्वतः दुकानदार होते. गिऱ्हाईक दारात उभं राहून परत का फिरतं, हे त्यांना नक्की समजत असणार.

घाटात रूळ पडले हे चांगलंच झालं. कुणाच्या खांद्यावर बसून घाट चढावा लागू नये. पण एका माणसाच्या मनातलं दुसऱ्याच्या हाती पोचवायचं असतं, तेव्हा वाटेत भरवशाचं कुणीतरी लागतं, आणि त्याला रुळांचा पर्याय अजून मिळालेला नाही.

कपाटातल्या 'बुधा'च्या आतल्या पानावर एका दुकानाचा जांभळा शिक्का आहे. दुकान आता नाही. ओलीनं शिक्का पसरला आहे, तरी नाव वाचता येतं. माझ्या पिशवीत नव्या पुस्तकाचं हस्तलिखित आहे. उद्या सकाळच्या गाडीनं मी पुण्याला जाणार आहे. प्रकाशकाकडे जाण्याआधी चौकातल्या त्या लहानशा दुकानात जाईन. तिथे आता त्यांचा मुलगा बसतो. त्याच्यापुढे पहिली दोन पानं ठेवीन आणि तो वाचत असताना त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभा राहीन.