नकाराची नोंद

शेजारी सुतक असले की आपण रेडिओचा आवाज कमी करतो. ते कुणी सांगावे लागत नाही. आळीला ठाऊक असते. पण ज्याची गिऱ्हाइके लाखांनी मोजायची आणि ज्याची पत्रे यंत्रच धाडते, त्या व्यापाऱ्याला कुणाच्या घरी काय घडले हे कळावे कसे?

ब्रिटनमधील ब्लूम अँड वाइल्ड या फुले विकणाऱ्या कंपनीने २०१९ साली या प्रश्नाला हात घातला. मातृदिनाच्या जाहिरातीची ई-पत्रे ज्यांना नको असतील त्यांनी तसे कळवावे, बाकीची चालू राहतील, असे तिने गिऱ्हाइकांना सांगितले. हजारोंनी 'नको' म्हटले. कुणाची आई गेलेली असेल, कुणाचे मूल. कुणाला मूल झालेच नसेल.

अशा व्यवस्थेत गूढ काही नाही. नाव, पत्ता हे रकाने प्रत्येक नोंदवहीत असतातच. व्यापारी त्यात स्वतःच्या गरजेचा आणखी एक रकाना पाडतो आणि यंत्राला नियम घालून देतो: सण दहा दिवसांवर आला, आणि या रकान्यात 'नको' नसेल, तर पत्र धाड. यंत्राला आई ठाऊक नाही, मरणही ठाऊक नाही. ते रकाना वाचते आणि गप्प राहते. या गप्प राहण्याला सहानुभूती म्हणावे काय? मी तरी म्हणेन. कारण नियम लिहिताना कुणी एक माणूस क्षणभर थबकलेला असतो. (आणि जिव्हाळ्याची चौकशीसुद्धा कधी कधी किती नकोशी होते, हे सुतकातून गेलेल्यांना ठाऊक आहे.)

खरी अडचण पुढेच आहे. मौन हवे असेल तर आधी दुःखाची नोंद व्हायला हवी. आळीची आठवण काळाने पुसट होते. वहीतला 'नको' कुणी खोडल्याखेरीज तसाच राहतो. शिवाय ज्या रकान्यामुळे एक नियम गप्प बसतो, त्याच रकान्यावरून दुसरा बोलूही शकेल: ज्यांनी मातृदिन नाकारला, त्यांना सांत्वनाच्या फुलांचे भाव कळवावेत! यंत्राला यात काहीच विपरीत दिसणार नाही. माहिती ज्या हेतूने घेतली त्याच्याशी विसंगत कामाला ती जुंपू नये, असे २०१८ पासून लागू झालेला युरोपचा कायदा सांगतो. आपल्याकडच्या २०२३ च्या कायद्यातही संमती ठरावीक हेतूपुरतीच धरली आहे. पण कायदा काही वहीपाशी पहारा देत बसत नाही. तिथे बसलेला असतो नियम लिहिणारा एक नोकरदार, आणि यंदा विक्री का घटली म्हणून विचारणारा त्याचा मालक. त्या घटकेला त्यांच्यासमोर ना नाव असते, ना चेहरा. असतो तो एक रकाना, आणि त्यात एक शब्द.