शपथ मोडणारा बंधू

मंडळीपुढे दारू सोडण्याची शपथ घेऊन ती आठ दिवसांत मोडणाऱ्या बंधूस काय म्हणावे? लबाड की आजारी? रत्नागिरी जिल्ह्यातील लहान मंडळ्यांस हा प्रश्न नवा नाही. माडीपासून देशी दारूपर्यंत मोह येथे हाताशीच आहे. आणि शपथ घेतेवेळी त्याच्या डोळ्यांत आलेले पाणी खोटे नव्हते, हेही पाहणाऱ्यांस ठाऊक असते.

तो किती पितो हे मोजून फारसे कळत नाही. थांबतो म्हटल्यावर त्यास थांबता येते काय, हे पाहावे. सकाळी हात कापू लागतात व घोट घेतल्यावाचून स्थिरावत नाहीत. बाटली लाकडांच्या ढिगात लपविली जाते. मुलांच्या वह्यांचे पैसे जातात, त्याचे त्यास दुःख होते, आणि त्या दुःखावर पुन्हा तोच उपाय होतो. अशा माणसास इच्छा नसते असे नव्हे. त्याची इच्छाच बांधली गेलेली असते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौलाने असलेच दुखणे कबूल केले आहे, आणि तो काही दारूबाज नव्हता.

मग दोष कोणाचाच नाही काय? असे आम्ही म्हणणार नाही. मोडलेल्या घराचा जाब त्यास द्यावाच लागेल. परंतु रोग जडल्याचा दोष निराळा आणि औषध नाकारल्याचा निराळा. हा दुसरा दोष लावण्यापूर्वी औषध कोठे मिळते ते आपण त्यास सांगितले होते काय, हे उपदेशकांनी स्वतःस विचारावे.

शिवाय पुष्कळ वर्षे रोज पिणाऱ्यास खोलीत कोंडून एकाएकी दारू तोडणे हे धर्मकृत्य नव्हे. दोन-तीन दिवसांत त्यास झटके येऊ शकतात, भ्रम होतो, प्रसंगी प्राणही जातो. प्रार्थना करावी आणि डॉक्टराकडे न्यावे. रत्नागिरी शहरात 1886 सालापासून मनोरुग्णालय आहे. पण 'रत्नागिरीस पाठवा' ही थट्टा आडवी येते, आणि थट्टेच्या भयाने माणसे घरीच मरतात. पुण्यास डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी 1986 साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभारिले. तेथे व्यसनातून सुटलेलेच इतरांस हात देतात. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस हा संघही 1935 साली अमेरिकेत एक दलाल व एक शल्यवैद्य, दोघेही दारुडे, यांच्या भेटीतून निघाला. एकमेकांपाशी उघडपणे कबुली द्यावी, ही याकोबाच्या पत्रातील आज्ञा त्यांच्या सभांत आमच्या सभांपेक्षा अधिक पाळली जाते, याची आम्हांस लाज वाटते.

परत आलेल्या बंधूविषयी एक लहान गोष्ट राहिली; ती म्हणजे प्रभुभोजनाचा प्याला. आंबलेल्या द्राक्षारसाचा एक घोटही त्यास पुन्हा खाली ओढू शकतो. याच प्याल्याकरिता 1869 साली अमेरिकेतील थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने द्राक्षांचा रस न आंबता टिकविण्याची युक्ती काढली. आपल्याकडे मनुका रात्रभर भिजवून, कुस्करून, गाळून घेतल्या तरी काम भागते. मात्र त्या शनिवारीच भिजत घालाव्या लागतात.