तोडलेल्या उसातील पेशी

शब्बाथ शाळेत शरीर व अवयव यांचा धडा आला की हल्ली काही शिक्षक फळ्यावर पेशीची आकृती काढतात. ही चाल चांगली आहे. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीस लिहिले त्या काळी पेशी कोणाच्या दृष्टीस पडली नव्हती. हात, पाय, डोळा, कान यांवरच त्याला दृष्टांत रचावा लागला. आजच्या मुलांना केंद्रक, तंतुकणिका, रिक्तिका ही नावे शाळेतच भेटतात. तेव्हा शिक्षक सांगतात की केंद्रक म्हणजे गावचा पाटील, तंतुकणिका म्हणजे वीजघर, आणि प्रत्येकाने आपापले काम मुकाट्याने केले म्हणजे गाव सुखी. आम्हीही हा धडा कित्येक वर्षे असाच दिला. तो एका जागी चुकतो, हे आमच्या ध्यानात आणून दिले ते पलसाण्याकडच्या उसाने.

पलसाणा हे सुरत जिल्ह्यातील तालुक्याचे गाव, मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचे. काकरापार व उकाई येथून तापीचे पाणी कालव्यांनी आले आणि या मुलखात जेथे कापूस व ज्वारी होती तेथे ऊस उभा राहिला. याच तालुक्यात चलथाण येथे सहकारी साखर कारखाना आहे. दिवाळी सरली की नवापूर, नंदुरबार, धुळे व डांग या बाजूंनी तोडकरी कुटुंबे या पट्ट्यात उतरतात. त्यांत आपल्या मंडळ्यांतील कुटुंबेही असतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. पुढचे पाचसहा महिने ती फेडायची. नवराबायकोच्या जोडीला तेथे ‘कोयता’ म्हणतात. माणसाला हत्याराचे नाव पडले, हे आम्हाला नेहमीच खटकत आले आहे.

फडात गेलेल्या नवख्या माणसाला पहिली जाणवते ती घाई. गाडी कधी येईल याचा नेम नाही. मध्यरात्री आली तरी उठून मोळ्या भरायच्या. एवढी घाई का? तर तोडलेला ऊस थांबत नाही, त्यातली साखर उतरू लागते. हे कसे होते ते पाहण्यासारखे आहे.

उसाच्या पानात दोन प्रकारच्या पेशी जोडीने राबतात. बाहेरच्या पेशी हवेतील कार्बन डायऑक्साइड धरून शिरांभोवतीच्या आतल्या पेशींच्या हवाली करतात, आणि साखरेकडे जाणारे पुढचे काम तेथे सुरू होते. ही देवघेव हॅच व स्लॅक या दोघांनी १९६६ साली ऑस्ट्रेलियात उलगडून दाखविली. तयार साखर खाली कांड्यात येते. कांडे कोवळे असेल तर तेथील पेशींत इन्व्हर्टेज नावाचे विकर त्या साखरेचे दोन तुकडे करते, म्हणजे ग्लुकोज व फ्रुक्टोज. त्यांवर तंतुकणिका पेशीला बळ पुरवितात आणि कांडे वाढते. कांडे जून होत आले की हे विकर ओसरते, आणि साखर पेशीतील रिक्तिकेत, त्या पाण्याच्या पिशवीत, साठू लागते.

मग हुकूम कोणाचा? येथे आमचा पाटील अडचणीत येतो. केंद्रकात सगळा मजकूर लिहिलेला आहे हे खरे. पण त्यातले कोणते पान केव्हा उघडायचे हे बाकीच्या पेशीतून आणि पेशीबाहेरून येणाऱ्या निरोपांवर ठरते. तंतुकणिकांनी बळ पुरविले नाही तर केंद्रकाला त्यातले एक अक्षरही वाचता यायचे नाही. या तंतुकणिका अतिप्राचीन काळी स्वतंत्र जिवाणू होत्या, असे १९६७ साली लिन मार्गुलिस या अमेरिकन बाईंनी जोर देऊन मांडले. प्रथम त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही. पुढे पुरावा मिळत गेला. आजही तंतुकणिकांजवळ स्वतःचा असा थोडा मजकूर शिल्लक आहे. म्हणजे पाटील आणि वेठबिगार असे हे नातेच नव्हे.

आता ऊस तोडला. त्यातील पेशी लगेच मरत नाहीत. त्या श्वास घेत राहतात, इन्व्हर्टेज पुन्हा जोर धरते, साखर तुटू लागते. बाहेरचे जंतू कापल्या टोकांतून शिरून आणखी नासाडी करतात ते वेगळेच, आणि उन्हाळा लागला की सारे अधिकच झपाट्याने होते. पण पेशीपुरते पाहा. कोणी आळशी नाही, कोणी बंडखोर नाही. विकर आपले नेमलेले काम चोख करीत आहे. कोवळ्या कांड्यात ज्या कामाने ऊस वाढला, त्याच कामाने तो आता पोकळ होत चालला आहे. पानाकडून येणारे बंद झाले, मुळाकडून येणारे बंद झाले, इतकाच फरक. ‘आपापले काम करा’ एवढेच सांगणाऱ्या आमच्या धड्याला हा तोडलेला ऊससुद्धा बसतो! जिवंत पेशीत काम असते तसे त्या कामाला पोचणारे अन्न असते, आणि येथली उणीव तेथे कळण्याची वाट असते.

हे एवढे लांबण लावून सांगण्याचे कारण, शरीराचा दृष्टांत फार वेळा वरच्यांनी खालच्यांना ऐकविला आहे. ख्रिस्तपूर्व ४९४ मध्ये रोमचे सामान्य लोक रुसून शहराबाहेर जाऊन बसले, तेव्हा मेनेनियस अग्रिप्पाने त्यांना पोट व अवयव यांची गोष्ट सांगितली, असे लिव्ही हा इतिहासकार लिहितो. गोष्ट सर्वांना आठवते. मात्र आपली बाजू मांडणारे अधिकारी मिळाल्याखेरीज ते लोक परतले नाहीत, हे क्वचितच सांगितले जाते. आपल्या देशात कोणाला मस्तक व कोणाला पाय ठरवून काय झाले, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांनी अंगावर सोसले आहे. पौलाने हाच दृष्टांत उलटा फिरविला. ज्या अवयवाला मान कमी त्याला अधिक मान, आणि एकाचे दुखणे सर्वांचे दुखणे, असा त्याचा रोख आहे.

शिक्षकांनी आणखी एक सावधगिरी बाळगावी. पेशी आपले झिजलेले भाग मोडून त्यांचा माल पुन्हा वापरते. जपानच्या ओसुमी यांना याच संशोधनाबद्दल २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. झिजलेल्या तंतुकणिकेवर यात अन्याय होत नाही, तिला लेकरे-नातवंडे नाहीत. पाठ मोडलेल्या तोडकऱ्याची गोष्ट तशी नाही. येथे दृष्टांत सोडून द्यावा, ताणू नये.

ऊस थांबत नाही, हे निसर्गाने ठरविले. पण त्या घाईचा सगळा भार, तान्हे मूल पाचटावर निजवून रात्री दोनला मोळ्या वाहणाऱ्या बाईच्याच डोक्यावर पडावा, हे कोणत्याही विकराने ठरविलेले नाही. ते माणसांनी ठरविले आहे, आणि ती साखर आपल्या चहात असते.

एकदा हा धडा चालू असताना फडावरून परतलेल्या एका मुलीने आम्हाला विचारले, “गुरुजी, त्या पाटलाला भाकर कोण आणून देतं?” आम्ही तेव्हा हसून वेळ मारून नेली.

नवापूरकडच्या हजेरीच्या वहीत दिवाळीनंतर काही नावांपुढचे चौकोन रिकामे पडतात, ते उन्हाळ्यापर्यंत. ती मुले शंभर-एक किलोमीटरवर, फडाच्या कडेला पालात असतात. सुरत-उधन्याकडे मराठी बोलणारे आपले बंधुभगिनी आहेत. पुढचा हंगाम सुरू होण्याआधी शिक्षकांनी ही नावे आणि मुकादमाच्या टोळीचा ठिकाणा तिकडे कळवावा. एका पोस्टकार्डावर मावेल एवढेच ते काम आहे.